दांडीच्या वाळूवर पसंत केलेली फटफटी

माझ्या बायकोला आठवा महिना होता आणि आमच्या दोघांत घाबरलेला मी होतो.

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. मी कराडकडचा; ड्राफ्ट्समन म्हणून तिथे लागलो आणि लग्नानंतर सुमनला घेऊन जवळच्याच पाम गावात दोन खोल्यांत राहू लागलो. बाळंतपणाचा दवाखाना पालघरला. बोईसरहून आगगाडी होती, पण ती तिच्या वेळेला येणार आणि बाळ त्याच्या! राहता राहिली माझी छोटी फटफटी. ती चालायची कमी आणि उड्या जास्त मारायची. त्या महिन्यात तिच्यावर बसून आम्ही तपासणीला गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी सुमनला सोडून मलाच फैलावर घेतलं.

"कशावरून आणलंत हिला? या रस्त्यावरून?"

"हळू आणलं हो," मी पुटपुटलो.

"हिच्या पोटातलं पाणी हलता कामा नये! समजलं? नाहीतर मधेच कुठेतरी बाळंत होईल आणि तुम्हीच सुईण व्हाल."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. डोळे मिटले की मी, सुमन, भाताचं खाचर आणि मी सुईण! (साधं बोट कापलं तरी मला भोवळ येते.) सुमन मात्र शांतपणे स्वेटर विणत बसायची. "अहो, होतं सगळं," एवढंच म्हणायची. कसं होतं, ते काही सांगायची नाही.

तेवढ्यात कामावरचे फोरमन मिश्राजी बदली होऊन निघाले आणि त्यांची मोठी मोटारसायकल विकायला निघाली. काळी, रेड्याएवढी, सीट पाटासारखी रुंद. "जाधव बाबू, ये गाडी नहीं, झूला है झूला!" मिश्राजी म्हणाले. तिच्या आवाजानेच मी दोन पावलं मागे सरलो. पण पालघरपर्यंत गचका न देता नेणारं दुसरं काही नव्हतं. रविवारी जवळच्या दांडी गावाला, समुद्रावर, ट्रायल घ्यायची असं ठरलं. रस्त्यावर नको म्हणून मीच सुचवलं होतं. रस्त्यावर माणसं असतात, बैलगाड्या असतात, झाडं असतात. वाळूवर धडकायचं म्हटलं तरी काही सापडत नाही!

"मी पण येणार," सुमन म्हणाली.

"तू? या अवस्थेत?"

"बसायचं मला आहे ना? मग पसंतीही मीच करणार. लग्नाच्या वेळी तुम्ही मला बघायला आलात, आता मी हिला बघते."

रविवारी सकाळी मी मिश्राजींच्या मागे बसून दांडीला गेलो आणि ती टांग्यातून आली. हातात झाकण घातलेली कळशी आणि फुलपात्र.

"तहान लागेल म्हणून?" मी विचारलं.

"नाही. पोटातलं पाणी दिसत नाही. हे दिसतं." तिने फुलपात्र काठोकाठ भरलं आणि मागे एका बाजूला बसली. "चला. थेंब सांडला तर गाडी नापसंत."

ओहोटी होती. ओली वाळू फरशीसारखी कडक झाली होती. मिश्राजींनी किक मारून दिली (मी तीनदा मारली होती, तिन्ही वेळा गाडी जागेवर राहिली आणि मी वर गेलो) आणि आम्ही निघालो. काय सांगू! गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली. एक थेंब सांडला नाही. तिथे बैलगाडी चालवली असती तरी सांडला नसता, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

"छान आहे हो!" सुमन मागून म्हणाली. "आता फिरवा."

इथे घोटाळा झाला. मला गाडी वळवता येईना. एवढं वजन एका अंगाला कललं की मी घाबरून पुन्हा सरळ करायचो.

"अहो, वळवा ना!"

"वळवतो! जरा जागा बघतो!" (सगळा समुद्रकिनारा मोकळा होता.)

दांडी मागे पडली. होड्या मागे पडल्या. मिश्राजी ठिपक्याएवढे झाले. शेवटी समोर खडक आले, तेव्हा नाइलाजाने थांबलो. सुमनला आधी उतरवलं आणि गाडी स्टँडवर लावली. स्टँड सावकाश वाळूत गेला आणि गाडी, एखादी म्हैस बसते तशी, आडवी झाली. मी उचलायला गेलो. ती हलेना. पुन्हा लावला जोर. आवाज आला, पण तो माझ्या कंबरेतून.

तेवढ्यात माझे पाय भिजले.

मघाशी लांब होता तो समुद्र आता चाकाशी आला होता! बायको आठव्या महिन्यात, गाडी परक्याची, समोर खडक, बाजूला पाणी. मी ओरडायला लागलो, "वाचवा! वाचवा!"

"कोणाला?" सुमनने विचारलं. ती केव्हाच वर कोरड्या वाळूवर जाऊन बसली होती आणि फुलपात्रातलं पाणी पीत होती.

माझा आवाज ऐकून मासळी वाळत घालणाऱ्या चार-पाच बाया आणि दोन पुरुष धावत आले. पुढे होती एक कोळीण, हिराबाय. साठीची, पण खांदे पैलवानाचे. तिने एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"अरे दादा, भरती येतं हाय, दिसत नाय? हिकडं गाडी कोन लावतं?"

"उचला हो आधी! हिच्यावरून बायकोला पालघरला न्यायचंय!" मी रडकुंडीला आलो होतो.

त्यांनी दोर बांधला, खाली बांबू सरकवले आणि होडी ओढतात तशी ती गाडी ओढायला लागले. "हय्या हो! हय्या!" मीही दोराला हात लावला, तर हिराबाय म्हणाली, "तू सोड, तुजा पाय दोरात येतं हाय." पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा गाडी वर आली. तिच्या धुराच्या नळकांड्यातून एक खेकडाही बाहेर आला.

दम खात हिराबायने विचारलं, "कुठं कामाला तुमी?"

मी दोर गुंडाळू लागलो. सुमनने सांगून टाकलं. "तिकडे बांधकामावर. समुद्रातलं काम चालतं ना, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा रोज सकाळी फळ्यावर लिहितात. हेच लिहितात."

मग हिराबाय म्हणाली, "मंग आज नाय लिवली?"

"आज रविवार," मी म्हणालो.

त्यानंतर त्या बाया जे हसल्या! एकीने तर टोपलीच खाली ठेवली. "अरे बाबा, दर्याला सुट्टी नाय!" मिश्राजी धापा टाकत पोचले, गाडीतून गळणारं पाणी पाहिलं आणि हताशपणे म्हणाले, "जाधव बाबू, अब तो लेनी पडेगी."

घेतली. बोईसरच्या मेकॅनिकने आठ दिवस तिच्यातली वाळू काढली. मी रोज अंगणात किक मारायचा सराव केला आणि रोज लंगडत कामावर गेलो.

आणि दिवस भरल्यावर एका सकाळी नऊ वाजता सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, निघू या आता." आवाज असा, जणू बाजारात जायचंय. माझ्या हातातून कप पडला. गाडी मात्र पहिल्या किकला सुरू झाली. मीच सुरू होत नव्हतो. पालघरपर्यंत एकेक खड्डा मी असा चुकवला की सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले. मागून सुमन सारखी धीर देत होती: "घाबरू नका, छान चाललंय. श्वास घ्या. मोठा घ्या." कळा तिला येत होत्या!

दवाखान्यासमोर गाडी थांबली. सुमन उतरली आणि पायऱ्या चढून आत गेली. मी तसाच. बोटं हँडलवरून सुटेनात. थोड्या वेळाने तीच दारात आली, बरोबर दोन आया आणि स्ट्रेचर.

"यांना आधी घ्या," ती म्हणाली. "माझं निभेल अजून तासभर."

दुपारी मुलगी झाली. माझ्या सासऱ्यांना पाठवायच्या तारेचा मजकूर सुमननेच सांगितला: "मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. जावयांच्या प्रकृतीत सुधारणा."