पुसलेली मुलाखत

साप्ताहिकात दहाएक वर्षं बातम्या लिहिल्यावर, नव्वदीच्या मध्यावर कधीतरी, मी डोंबिवलीतल्या एका केबलवाल्याकडे लागलो. त्याला रोज संध्याकाळी शहराच्या बातम्या दाखवायच्या होत्या. कॅमेऱ्यावर लग्नांचं शूटिंग करणारा एकजण होता. तो चित्रण करायचा आणि मी सवयीने वहीत लिहूनही घ्यायचो.

कोपरच्या खाडीत कारखान्यांचं पाणी येतं अशी तक्रार होती, म्हणून आम्ही गेलो. एक म्हातारा कोळी होडीच्या काठावर बसून बोलला. त्याने जाळं उचलून दाखवलं, शिव्या दिल्या, खोकला, मध्येच हसला. "जालं टाकलं का कालं पानीच येतं. मासली कुठं हाय?"

संध्याकाळी तो घराघरांत दिसला. दोन दिवसांत अधिकारी खाडीवर आले आणि बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले. मी त्याच खाडीवर तीनदा लिहिलं होतं, तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. अर्थात बाटल्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी त्या कोळ्याची बायको ऑफिसात आली.

"दादा, आमचा मानूस गेला. तो बोलतो ती कॅसेट हाय ना तुमच्याकडं? फोटू हाय घरी, पन आवाज नाय."

कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे मोजून सहा कॅसेटी होत्या, त्याच फिरवून वापरायचो. तिच्या नवऱ्यावर आम्ही गणपती विसर्जन घेतलं होतं. ती मुलाखत पुसली गेली, असं मी सांगितलं.

"पुसली म्हंजे?" ती म्हणाली. "सगल्यांनी बघितली की."

काहीतरी द्यावं म्हणून मी जुनी वही शोधून वाचून दाखवली. 'दूषित पाण्यामुळे खाडीतील मासळी नष्ट होत असून आमच्यावर उपासमारीची वेळ आली आहे.' ऐकता ऐकताच मी त्याचं बोलणं शुद्ध करून टाकलं होतं.

"हे कोन बोलतं?"

"तुमचे यजमान."

"तो असा नवता बोलत."

ती पाणी प्यायली, ग्लास टेबलावर ठेवला आणि गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मी बातम्यांचा क्रम लावत बसलो.

आठवड्याने मालकाला म्हणालो, "निदान मुलाखती तरी जपून ठेवूया."

"अरे, शिळ्या बातम्या कोण बघतो?" तो म्हणाला. मी मान हलवली आणि फुटलेल्या जलवाहिनीची बातमी वाचायला आत गेलो.

तिथे मी आणखी चार वर्षं काढली. नंतर एकदा कोपरला जायची वेळ आली, तेव्हा मी दुसऱ्याला पाठवलं.