रुमालाची जागा

कळंबच्या माझ्या बुकिंगच्या दुकानात ते एकदाच आले. निवृत्त चित्रकला शिक्षक, हातात पांढरा रुमाल. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ही शहरं रेल्वेनं बघायची होती. बायको बाहेर बाकावर गुडघे चोळत बसली होती.

चित्रांबद्दल ते काहीच विचारेनात. रुमालाची घडी मोडत, पुन्हा घालत म्हणाले, "मॅडम, एस.टी. लागली की मी पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकतो, जागा धरतो. ही मागून हळूहळू येती. तिथल्या गाड्यांच्या खिडक्या उघडत्यात का? न्हाय तर हिला उभं राहावं लागंल. मग न्हाय जायचं आमी."

"सर, तिकिटावर दोघांचे सीट नंबर असतात, शेजारीशेजारी. तुमची जागा कुणी घेत नाही."

"म्हंजे मला पुढं पळायचं न्हाय?"

"अजिबात नाही."

"व्हय?" त्यांनी बाहेर बाकाकडं बघितलं. "मग हिच्यासंगं चालत जाता येईल की."

मी तिकिटं काढली. रुमाल खिशात गेला. दुकानातून निघताना सवयीनं ते चार पावलं पुढं गेले, थबकले आणि ती येईपर्यंत तिथंच उभे राहिले.