सुकेळी आणि सासूबाईंची हाक

परवा टीव्हीवर जुने कार्यक्रम पुन्हा दाखवत होते, त्यात एकदम आमचं अंगण दिसलं. माझ्या सासूबाई राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायच्या, त्यांची सुकेळी करायच्या. तेच टिपायला तेव्हा टीव्हीवाली माणसं आमच्या वसईच्या घरी आली होती. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो आहेत हो त्यांचे, पण खोटं कशाला सांगू, आवाज मला आठवेनासा झाला होता. म्हणून टीव्ही मोठा केला आणि अगदी पुढ्यात जाऊन बसले.

कार्यक्रमातल्या मुलीने विचारलं, "आजी, ही परंपरा किती जुनी?"

"परंपरा ऱ्हाऊ दे गो, ऊन चाललाय," सासूबाई म्हणाल्या. मी तेव्हा कॅमेऱ्यामागे गंमत बघत उभी होते. माझ्याकडे बघून त्यांनी हाक मारली, "सूनबाय, नुसती उभी काय? केळी आत घे, दव पडंल."

आता कुठली केळी आणि कुठलं अंगण. तिथे इमारत झाली. तरी मी पदर खोचून उठलेच.

लेक म्हणाली, "आई, कुठे निघालीस?"

"अगं, त्यांनी हाक मारली ना," मी म्हटलं.