मामांनी कापलेली खिडकी

पौषातल्या एका मंगळवारी मामांना ताप आला. गुरुवारी ते गेले. त्या साली मुंबईत गाठीच्या तापाची, प्लेगची साथ होती. मामी आणि मी मागे राहिलो.

मामांना काळजी करायला कारण लागत नसे. सकाळी कचेरीला निघाले, की गिरगावच्या नाक्यावरून एकदा परत येत आणि आमच्या खोलीचे दार बाहेरून ढकलून बघत. आतून मामी म्हणत, "अहो, मी आहे घरात."

"आहेस ना? बरं," म्हणून ते पुन्हा निघत. ट्रामच्या घोड्यांकडेही ते आधी नीट बघत. डावा घोडा बिथरल्यासारखा वाटला तर ती ट्राम सोडून देत, आणि पुढच्या ट्रामचाही डावा तसाच वाटला की पायी जात. मामी नेमक्या उलट. त्यांना कशाचेच भय नव्हते. जिन्यात नाग निघाला तेव्हा चाळ ओरडत होती आणि मामी तांदूळ निवडत होत्या. "तो आपल्या वाटेने जाईल. तुम्ही का नाचताय?" एवढेच त्या बोलल्या. मी शिकण्यासाठी कोकणातून त्यांच्याकडे आलो होतो, आणि त्या दोघांमध्ये माझे दिवस बरे चालले होते.

मामा सरकारी कचेरीत नकाशांच्या नकला काढीत. इतकी वर्षे बारीक रेघा ओढून ते कागदावर जवळजवळ नाक टेकवू लागले होते. चष्म्याचे नाव काढले की म्हणत, "साहेबांना कळलं तर?"

त्या श्रावणात काळबादेवीच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी एक चकती आणली. खरे तर एकावर एक बसवलेल्या दोन पुठ्ठ्यांच्या चकत्या. खालच्या चकतीवर सगळे तारे आणि कडेला वर्षाच्या तारखा. वरच्या चकतीला लांबट गोल खिडकी आणि कडेला तास. तास फिरवून तारखेसमोर आणायचा, की खिडकीत त्या वेळचे आभाळ येई. इंग्रजी नावांशेजारी मामांनी मुंगीएवढ्या अक्षरांत आपली नावे लिहिली. पण बाहेर पाऊस होता. ते घरात बसूनच चकती फिरवीत आणि म्हणत, "आत्ता स्वाती पश्चिमेला असेल. असेल ना रे?"

"ढगामागून कुठे जातेय ती?" मामी म्हणत. "तिलाही दार ढकलून विचारून या."

आश्विनात आभाळ उघडले. गच्चीवर उभे राहून मामांनी अभिजित आणि श्रवण चकतीशी ताडून पाहिले. दोन्ही जागेवर होते. इतके निश्चिंत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पण तेवढ्यातच मांडवीकडून तापाच्या बातम्या येऊ लागल्या. दिवाळी होईतो आमच्या चाळीतली दोन बिऱ्हाडे गावाला निघून गेली आणि एक कायमचे गेले.

सप्तर्षींमधल्या वसिष्ठाला अगदी लागून अरुंधतीची बारीक तारका आहे. लग्नात नवरीला दाखवतात ती. ज्याला ती दिसेनाशी होते, तो सहा महिन्यांत जातो, अशी आपल्याकडे समजूत आहे. शेजारच्या राधाकाकूंना कार्तिकात ती आठवली आणि चाळीतल्या बायका तिन्हीसांजेनंतर गच्चीवर जमल्या. मामांना चकती घेऊन बोलावणे आले. कोणी त्यांना कशासाठी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी तास जुळवला, खिडकीत पाहिले आणि उत्तरेला कौलांच्या वर बोट केले. "सप्तर्षी इथे. अगदी खाली."

"ती काय, मला स्पष्ट दिसतेय," राधाकाकू बोट दाखवत म्हणाल्या. मग एकेकीला दिसू लागली. कोणी म्हणाली लुकलुकतेय, कोणी म्हणाली यंदा जरा मोठी वाटतेय.

मामी बराच वेळ बघत राहिल्या. "मला नाही दिसत," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मामींना मी घाबरलेले पाहिले ते तेव्हा. त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना चुलीसमोर बसवले. "भाताला पाणी किती ते बघून ठेवा. बोटाचं पहिलं पेर बुडलं पाहिजे."

"मला कशाला?"

"बघून ठेवा म्हणते ना." मला त्यांनी मसाल्याच्या बरण्या ओळखायला शिकवल्या. स्वतः जेमतेम चार घास खात. अशाने त्या तापाआधीच अंथरुणाला खिळतील, असे मला वाटू लागले.

मामा मात्र अचानक गप्प झाले. दार ढकलणे थांबले. रोज संध्याकाळी ते एकटेच गच्चीवर जात. एके दिवशी त्यांनी मला वर बोलावले.

"चकतीवर ध्रुव कुठे आहे बघ."

"बराच वर. माथ्याकडे."

"आणि आभाळात?"

ध्रुव समोरच्या चाळीच्या कौलांवर नुकता बसल्यासारखा दिसत होता.

"चकतीतलं आभाळ आपलं नव्हे रे," मामा म्हणाले. "ही खिडकी विलायतेची आहे. तिथे सप्तर्षी मावळतच नाहीत. आपल्याकडे मावळतात. त्या संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी नव्हतेच. जे नव्हतं ते बाकीच्यांना दिसलं आणि तुझी मामी तेवढं खरं बोलली."

हे मामींना सांगितले तर त्या म्हणाल्या, "माझ्या समजुतीसाठी तुम्ही आभाळसुद्धा हलवाल."

तेव्हा मामा कामाला लागले. कचेरीतून नकाशांचा टाकाऊ पुठ्ठा आणला, तोही साहेबांना विचारून. मुंबई किती अंशांवर आहे हे त्यांना पाठ होते. दोन रविवार ते आकडे आणि वर्तुळे मांडत बसले. डोळे चोळीत नवी खिडकी आखली आणि मामींच्या कात्रीने कापली. ती उत्तरेला आखूड होती आणि दक्षिणेला मोठी. चकतीत न मावणाऱ्या अगस्तीसाठी त्यांनी कडेवर शाईचा ठिपका दिला. मग नवी खिडकी बसवून चकती फिरवली. सप्तर्षी संध्याकाळी खिडकीबाहेर राहिले आणि पहाटे आत आले.

"उद्या पहाटे वर चल," ते मामींना म्हणाले.

"आणि नाही दिसली तर?"

"तर मी पुन्हा खिडकी कापीन."

पहाटे आम्ही तिघे गच्चीवर गेलो. मामांनी कंदिलावर उपरणे धरले होते. परळकडच्या गिरण्यांचा धूर खाली आडवा पसरला होता आणि त्याच्या वर, ईशान्येला, सप्तर्षी उभे होते. मामींनी पदर घट्ट धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या हळूच म्हणाल्या, "आहे. वसिष्ठाला चिकटून आहे." आणि वळून, "तुम्हाला दिसली?"

"हो तर. ती काय," मामांनी बोट केले.

मामी खाली गेल्यावर मी विचारले, "मामा, खरंच दिसली?"

"छे रे. मला वसिष्ठ म्हणजे एक पुसट डाग दिसतो. पण ती आहे हे मला ठाऊक आहे. तिला सांगू नकोस. ती जेवू लागेल आता."

मामी जेवू लागल्या. पण त्यांना एक नवी सवय जडली. मामा कचेरीतून आले, की पायावर पाणी घेण्याआधीच त्या त्यांच्या कपाळाला हात लावीत. बाजारात जाऊ देत नसत. जिन्यात पाऊल वाजले की उठून दाराशी जात. मामा हसत, "आता हिनं माझं काम घेतलं." मला वाटले, भीती एकदा घरात शिरली की अशीच रेंगाळते.

मग तो मंगळवार आला. मामा शेवटपर्यंत शुद्धीवर होते आणि मधूनमधून "आहेस ना?" विचारीत होते. मामी उशाशीच होत्या. ज्या बायकांना त्या संध्याकाळी अरुंधती स्पष्ट दिसली होती, त्यांच्यातल्याही दोघी त्याच महिन्यात गेल्या. मी शिकलेला माणूस आहे. तरी कार्तिकापासून पौषापर्यंतचे महिने मी बोटांवर मोजले, हे लिहून ठेवतो.

पुढे आम्ही गावी गेलो आणि साथ ओसरल्यावर गिरगावात परतलो. सामान लावताना चकती माझ्या हाती आली. मामी तिच्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांना दिसली नव्हती."

मी चकतीवरची धूळ पुसू लागलो.

"बोट भलतीकडेच होतं. राधाकाकूंसारखं. मला तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्यांना काळजी लागली असती."

आता मी शाळेत शिकवतो. मला चष्मा लागला आहे. कार्तिकात मामी एका पहाटे मला उठवतात, मी चकती जुळवतो आणि आम्ही वर जातो. त्यांना अरुंधती दिसते. मला दिसत नाही, आणि तसे मी त्यांना सांगतो. त्या "बरं" म्हणतात आणि माझ्या कपाळाला हात लावतात. चकती अजून फिरते. तिला मामांची खिडकी आहे.