इमेल्डाबाय दुपारी झोपत नाही

'ओ मॅडम, दोन डबल रूम पायजेत. सुरमई थाळी त्यातच धरायची का येगळी?'

माणूस कोल्हापूरचा होता. इमेल्डाबायने फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी त्याचा आवाज जिन्यावरून उतरून खाली आमच्या खाजं-काजूच्या दुकानात पोचत होता.

'हा दवाखाना आहे,' बाय म्हणाली. 'फिजिओथेरपी. सांधे दुखतात, खांदा धरतो, त्यावर इथे उपचार होतात.'

'आसूदे की. समुद्र दिसतो न्हवं?'

'समुद्र दिसत नाही. समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसते.'

फोन बंद. त्या आठवड्यात असे कितीतरी आले. कोणाला समुद्राकडे तोंड केलेली खोली हवी, कोणाला बायकोसाठी सुगंधी तेलाचा मसाज. खरोखर मान आखडलेला, कंबर धरलेला माणूस मात्र एकही नाही.

इमेल्डाबाय म्हणजे इमेल्डा लोबो. गोव्यात एका मोठ्या इस्पितळात ती हेच काम करायची. दोन वर्षांपूर्वी ते सोडून परत मालवणात आली, आमच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली, पडदे लावले, उपचाराचं टेबल मांडलं आणि वाट बघत बसली. खोलीचे मालक भाई, म्हणजे माझे आजोबा. करार दसऱ्याला संपणार होता. इस्पितळाने तिची जुनी जागा पुन्हा देऊ केली होती, पण तिथलं उत्तरही दसऱ्यापर्यंतच द्यायचं होतं. तिचा धाकटा भाऊ ॲल्स्टन गोव्यात हॉटेलात कामाला. तो दर रविवारी यायचा आणि जिन्यावर पाय ठेवतानाच सुरू व्हायचा.

'इमेल्डा, हंयचे लोक तेल चोळतले, गोळी खातले आणि गप रवतले. तुझ्याकडे कोण येतलो? चल परत.'

'मगे हंयचे खांदे काय पार्सल करून गोव्यात धाडू?'

तिचं एवढंच म्हणणं होतं. ह्या किनाऱ्यावर माणसं रापणीची जाळी ओढतात, टोपल्या वाहतात, आणि चाळिशीत हात वर जात नाही म्हणून मान वाकडी करून केस विंचरतात. तेव्हा दवाखाना इथेच राहील.

थाळीवाले फोन यायचे ते नव्या वेबसाइटवरून, आणि तिच्यासाठी नदीमला ॲल्स्टननेच आणलं होतं. नदीम नांदगावचा, हायवेला त्याचं दुकान. किनाऱ्यावरच्या निम्म्या होमस्टेंच्या वेबसाइट त्याच्या हातच्या. त्याने बायलाही तोच तयार साचा चढवला. वर निळाशार समुद्र. त्याखाली पाठीवर काळे दगड ठेवून पालथी पडलेली एक गोरी बाई. आणि त्याखाली बुकिंगचा फॉर्म: कधी येणार, कधी जाणार, पाहुणे किती, शाकाहारी की मासे.

बायने त्याला रविवारी, ॲल्स्टन असताना, बोलावून घेतलं. नदीमचं असं आहे, चहाच्या टपरीवर तो आपल्यासारखाच बोलतो, पण धंद्याचं बोलायला लागला की घसा साफ करून कचेरीतल्या मराठीत शिरतो आणि प्रत्येक वाक्याला हवेत बोटाने एक चौकोन काढतो. तो चौकोन मला हुबेहूब जमतो.

'हे बघा ताई, ट्रॅफिक येतंय ना? ट्रॅफिक महत्त्वाचं. फोन वाजतोय म्हणजे साइट बोलतेय.'

'बोलता खरी. पण थाळीबद्दल बोलता.'

'मगे ठेव ना गो मसाज,' ॲल्स्टन म्हणाला. 'टूरिस्ट येतले, पडान रवतले, फोटो काढून जातले. तुझी खोली भरली.'

'माका मसाज येता. माका घावणेय घालूक येतत. म्हणान मी खानावळ काढूक नाय.'

'ताई, मार्केट ज्या बाजूला आहे...'

'त्या बाजूक तू जा. ह्या बाईक पयली काढ.'

गोऱ्या बाईला काढताना नदीमचा चेहरा पाठवणीच्या मांडवातल्यासारखा झाला होता. तरी त्याने एक वाक्य वाचवायला बघितलं. 'एवढं तरी राहू द्या. पहिल्याच भेटीत आराम. लोकांना बरं वाटतं वाचून.'

'पहिल्या भेटीत आराम पडत नाही. पहिले दोन दिवस जास्तच दुखतं. तसं लिही.'

'असं कोणी वेबसाइटवर लिहितं का?'

'तू लिवतलंस.'

त्याने लिहिलं. समुद्र गेला, थाळी गेली, पाहुणे किती ते गेलं. आणि फोन साफ थंडावला. आता कोल्हापूरसुद्धा बंद. दसरा जवळ येत चालला होता आणि ॲल्स्टनने बायचं गोव्यातलं जुनं घर अजून रिकामं आहे का, याची चौकशीही करून ठेवली होती.

अशात एका सकाळी तुळसाकाकी मासे घेऊन आमच्या दारात आली. डोक्यावरची टोपली उतरवताना तिने मला हाक मारली. 'गो चेडवा, जरा हात लाव.' पूर्वी ती एकटी उतरवायची. बाय जिन्यावर उभी राहून बघत होती.

'काकी, हात वर कर बघू.'

'कित्या? मी काय चोरी केलंय?'

'कर गो.'

हात कानापर्यंत गेला आणि थांबला. तुळसाकाकीने दात दाबले आणि काही झालंच नाही असं तोंड केलं.

'कधीपासून?'

'शिमग्यापासून.'

'आणि मी हंय रिकामी बसलंय ता तुका दिसणा नाय?'

'दिसता ना. बोर्ड दिसता तुझो. सकाळी धा ते एक, संध्याकाळी चार ते सात. माझ्या सुनेन फोनात पण दाखवल्यान, थंय पण ताच. सकाळी मी लिलावात, मगे दारोदार, मगे बाजारात. चार वाजता होडये येतत, परत बंदरार. तुझो दवाखानो उघडो तेवा माझो धंदो उघडो. माका मोकळीक दुपारची. आणि दुपारी तू निजतंस.'

'मी निजतंय असा कोणी सांगल्यान तुका?'

'आख्खो बाजार निजता. तू काय वेगळी?'

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. मालवणात जेवणं झाली की शटरं अर्ध्यावर येतात. सोनार झोपतो, औषधवाला झोपतो, सगळे डॉक्टर झोपतात. आमचे भाई दुकानातच, काजूच्या डब्यांमागच्या बाकावर झोपतात. आधी बारीक शिट्टी, मग होडीचं इंजिन सुरू, मग मध्येच सगळं बंद पडतं आणि ऐकणारा घाबरतो, मग पुन्हा इंजिन. चार वाजेपर्यंत ही फेरी चालते. बायने दवाखाना उघडला तेव्हा बाकीच्या डॉक्टरांच्या बोर्डावर बघून वेळ लावली होती. नदीमने बोर्डावर बघून वेबसाइटवर घातली. ती कोणाला सोयीची आहे, हे दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

बायने आपल्या बोर्डाकडे बघितलं. मग म्हणाली, 'निजत होतंय. उद्यापासून नाय.'

तिथूनच तिने नदीमला फोन लावला.

'पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात घाल. दुपारी दीड ते चार उघडा.'

'ताई, दुपारी? मालवणात?' तो दचकून कचेरीची मराठी विसरला. 'कोण येतला?'

'आणि तो फॉर्म काढून टाक.'

'फॉर्म काढला तर डेटा कसा मिळणार?'

'तुळसाकाकी डेटा लिवची नाय. ती बोलतली. एकच बटण ठेव. दाबला की तेंचो आवाज माझ्या फोनार येवक होयो.'

'बरं. मग तुमचा एक छान फोटो द्या. जरा हसरा.'

'दुखता तेवा हसणारो डॉक्टर कोणाक होयो रे?'

फोटो मी काढला. बाह्या वर केलेल्या, केस सुटलेले, हात टेबलावर, आणि चेहरा उसनी वाटी परत मागायला आल्यासारखा.

पहिला आवाज तुळसाकाकीनेच पाठवला, आणि तो भर मासळीबाजारात. फोनवर बोलताना ती खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखी बोलते, त्यामुळे ते सगळ्या बाजारालाच कळलं. 'ऐक गो डॉक्टरनी, मी तुळसा. उद्या दुपारी येतंय. खांदो. आणि पयले दोन दिवस जास्त दुखतला असा लिवलंस, ता खरा काय? खरा आसात तर येतंय. एका दिवसात बरा करणाऱ्यांकडे मी तीनदा जावन इलंय.'

आजूबाजूच्या बायकांनी माशांवरचे हात पदराला पुसले. 'खंय दाबलंस ता? माझ्यात पण घाल बघू.'

पहिले दोन दिवस जास्त दुखलं. तुळसाकाकीने त्या दोन दिवसांत बायच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तिसऱ्या दिवशी दोघींना घेऊन आली. मग त्या दोघींनी आणखी आणल्या. दुपारच्या वेळा भरल्या, पुढच्या आठवड्याच्याही भरायला लागल्या. जिन्याखाली रिकाम्या टोपल्यांची रास लागायची. वर बायने छताला कप्पी लावून जाळ्याचा दोर सोडला होता, त्याची दोन टोकं धरून एक हात दुसऱ्या हाताला वर ओढायचा. कोणी भिंतीवर बोटं चढवायची, कोणी गुडघ्याखाली उशी घेऊन टाच उचलायची.

'वर घे गो, आणखी वर. घोव पैशे मागता तेवा कशी टोपली वर धरतंस?'

की मग हसण्याचा असा लोट यायचा की खाली डब्यांची झाकणं वाजायची. आणि भाईंचं इंजिन शिट्टीतच बंद पडायचं.

अशा चौथ्या की पाचव्या दुपारी भाई बनियनवरच जिन्यात आले.

'बाय, ह्या काय?'

'दवाखानो, भाई.'

'दुपारचो?'

'दुपारचो.'

'अगो, मालवणात दुपारी कुत्रोसुद्धा भुंकणा नाय. माझो बापूस निजलो, तेचो बापूस निजलो.'

'तुमी पण निजा. मी काय उठवूक येणंय नाय.'

'माथ्यार बायो नाचतत माझ्या.'

'नाचणत नाय. खांदे सोडवतत.'

'सकाळी बोलाव तेंका.'

'सकाळी त्या तुमका सुरमई देवक येतत.'

 चिडलेला माणूस पडती बाजू बघून मालक होतो, तसे भाई झाले. घसा खाकरून त्यांनी ग्रामपंचायतीत बोलतात ती मराठी काढली. 'हे बघा, दुपार बंद ठेवणार असाल तर दसऱ्याला करार करू. दुपार उघडी, तर खोली खाली करायची.' आणि उतरले.

रविवारी ॲल्स्टन आला. तो खरंतर खूश होता, गर्दी त्याने डोळ्यांनी बघितली होती. 'आता लोकांक तू म्हायती झालंस. दुपार सोड, त्याच बायो सकाळी येतल्या.'

'येवच्या नाय. दोन वर्षां येवक नाय त्या.'

'भाईंक नाय म्हटलंस तर खोली जाता. खोली गेली म्हणजे गोवा. हट्ट कसलो ह्यो?'

'भाईंक निजाचो हक्क आसा, ता मी नाय म्हणूक नाय,' बाय म्हणाली. 'पण तेंची झोप तुळसाकाकीच्या खांद्यान कित्या सांभाळूची?'

 खाली बसून मी हे दोघांचं बोलणं, दोघांच्या आवाजात, भाईंना ऐकवून बघितलं. त्यांनी मला काजू निवडायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी दोर ओढता ओढता तुळसाकाकीने विचारलं, 'खोली जाता म्हणतत?'

'दुपार बंद केली तर नाय जाणा.'

'मगे?'

'मगे काय. दुपार बंद होवची नाय.'

काकीने दोर सोडला. 'माझ्या दिराची जाळ्यांची खोली रिकामी आसा. महादूची. बर्फाच्या कारखान्याच्या पाठी.'

'कोणी भाड्यान घेवक नाय ती?'

'वास येता म्हणतत.'

'कसलो?'

'कसलो म्हणजे? आमचो.'

बाय त्याच संध्याकाळी ती बघून आली. दसऱ्याच्या आदल्या दुपारी सामान हललं. ॲल्स्टन आणि महादू उपचाराचं टेबल धरून जिना उतरत होते, आणि नेमका गोव्याहून फोन आला. इस्पितळातल्या बाईंचा आवाज साखरेत घोळलेला होता. 'मॅडम, आम्हाला आज कळायला हवं. तुमची जागा आम्ही ठेवली आहे.'

'आत्ताच कळवते. ती दुसऱ्या कोणाला तरी द्या.'

'पुन्हा विचार करणार का?'

'केला. धन्यवाद.'

ॲल्स्टन जिन्याच्या मध्यावर थांबला. 'दिलंस सोडून?'

'टेबल सरळ धर. एक पाय सैल आसा तेचो.'

भर झोपेची वेळ होती, पण भाई दुकानाच्या पायरीवर टक्क जागे बसून सगळं बघत होते. पडद्यांचं गाठोडं त्यांच्या समोरून गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'पडदे तुझे. दांडे माझे.'

'काढून ठेवलंय वर, भाई. कोपऱ्यात.'

दसऱ्यानंतर नदीम नव्या खोलीत पत्ता बदलायला आला. नाकाला रुमाल, मांडीवर लॅपटॉप. बाहेर दोघी पाळीची वाट बघत बसल्या होत्या, आत तुळसाकाकीचा हात डोक्याच्या वर चार बोटं गेला होता आणि ती तो खाली घ्यायला तयार नव्हती.

'बंदर रस्ता, मालवण. एवढं पुरे ना, ताई?'

'नाही. लिही, बर्फाच्या कारखान्याच्या मागे. वास यायला लागला की बरोबर आलात.'

'ताई, वास? दवाखान्याच्या वेबसाइटवर? लोक काय म्हणतील?'

'कोण लोक?' तुळसाकाकीने हात वरच ठेवून विचारलं.

नदीमने तिच्याकडे बघितलं, बाहेरच्या दोघींकडे बघितलं. पुन्हा एकदा बायकडे बघितलं.

'लिव,' बाय म्हणाली.

दोन्ही हातांनी टाइप करायचं होतं, म्हणून त्याने नाकावरचा रुमाल काढून खिशात ठेवला आणि लिहिलं.