भोंगा वाजला, बटाटा पडला

सोमवारी संध्याकाळी आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा भोंगा तपासणीपुरता वाजला, की ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं ते गाव बटाटे उकडायला ठेवायचं. वणव्यात माहेर जळालेली मर्लसुद्धा त्या आवाजाला कधी दचकली नाही. "बाई नाही, पहाड आहे!" नवरा कीथ क्लबात मिरवायचा. पहाड कसला डोंबलाचा! तो गुंगीच्या गोळीचा प्रताप. वणव्यानंतर चार आठवड्यांसाठी दिलेली गोळी मर्ल म्हातारी झाली तरी घेतच होती.

नव्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "एकदम सोडलीत तर जिवावर बेतेल." मग त्यांच्या सांगण्यावरून मर्ल नखांच्या कानशीने गोळी घासून किंचित किंचित लहान करत गेली. दोन वर्षांनी गोळी सुटली.

त्यानंतरच्या सोमवारी भोंगा वाजला आणि मर्लच्या हातातला बटाटा गडगडत गेला. दाराची चौकट धरून ती लटलट कापू लागली. कुरणातून नुकताच आलेला कीथ बूट न काढताच धावला आणि गोळ्यांची जुनी डबी घेऊन आला.

"ठेव ती!" मर्ल दात आवळून म्हणाली. "बघू दे, किती येते ती भीती."

भोंगा थांबला. मर्लचे खांदे सावकाश खाली आले. डोळे विस्फारून तिने कीथकडे पाहिलं.

"गेली रे! आपली आपण गेली! अन् मी मेलीने जन्मभर थांबून बघितलंच नाही!"

कीथने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, चर्चमध्ये धरतात तशी.