मागून येणारे पाच जण

बाबा त्या जानेवारीत आमच्याकडे अमेरिकेत, श्रूजबरीला एकटेच आले. थंडीचं नाव ऐकून आईने यायला साफ नकार दिला होता. नागपुरात छत्तीस वर्षं बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि गॅरेज बंद केल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं. आमच्याकडे आल्यावर पहिल्या चार दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नळांचे वॉशर तपासले आणि पाचव्या दिवशी डिशवॉशर भिंतीपासून पुढे ओढला.

"यांना काहीतरी काम दे," नवरा मला किचनमध्ये हळूच म्हणाला. "नाहीतर उद्या माझी कार उघडतील."

काम माझ्याकडे होतं. आदल्या हिवाळ्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर न्यू हॅम्पशायरला गेले असताना मी दोन तास भाड्याची स्नोमोबील, म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटरच, चालवली होती, आणि तेव्हापासून मला स्वतःची हवी होती. नवी परवडण्यासारखी नव्हती, आणि जुनी घ्यायची तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा पुण्याचा. त्याने आधीच सांगून टाकलं होतं, "तू बर्फात जा. मी घरी हीटरजवळ बसून तुझे फोटो लाइक करतो."

मी बाबांना फोनवर एक जाहिरात दाखवली. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, मधे स्कूटरसारखी सीट. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बोटांनी मोठा केला.

"इंजिन कोणतं?"

"टू-स्ट्रोक लिहिलंय."

बाबांनी डिशवॉशर परत भिंतीला लावला आणि कोट घालायला गेले.

पहिली गाडी तासाभरावर होती. विकणारा तिशीतला, हसतमुख. गाडी चकचकीत, आणि दोरी एकदा ओढताच सुरू झाली. मी खूश झाले. बाबांनी हातमोजा काढून इंजिनावरच्या झाकणावर तळवा टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.

"गरम आहे," ते म्हणाले. "विचार त्याला, आपण यायच्या आधी काहून चालवली?"

मी विचारलं. शेडमधून बाहेर काढायला सुरू केली होती, असं तो म्हणाला.

"ठीक आहे नं. थंड होऊ दे. आपण थांबू."

आम्ही दीड तास आमच्या कारमध्ये बसून मेथीचे पराठे खाल्ले. तो माणूस अधूनमधून खिडकीचा पडदा सारून आमच्याकडे बघत होता. थंड झालेली गाडी पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा त्याने दोरी ओढायला सुरुवात केली आणि बाबा शेजारी उभं राहून मराठीत मोजू लागले. सातव्या ओढीला त्याने जॅकेट काढलं. चौदाव्याला बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "राहू दे म्हणावं. खांदा निखळेल बिचाऱ्याचा."

दुसरी गाडी न्यू हॅम्पशायरमध्ये, एका म्हाताऱ्या माणसाच्या कोठारात होती. तो जन्मभर स्कूल बस चालवून रिटायर झाला होता. त्याची स्वतःची एक गाडी होती आणि ही दोन सीटची बायकोसाठी घेतलेली, पण आता तिची पाठ दुखत असल्यामुळे ती बसत नव्हती. गाडीवर धूळ होती आणि इंजिन थंडगार. तिसऱ्या ओढीला ते सुरू झालं, कोठारभर निळसर धूर पसरला. मी खोकत बाहेर आले. बाबा आत, गॅरेजातल्यासारख्या त्या धुरातच डोळे मिटून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीत साजूक तुपाचा वास यावा तसा भाव होता.

नंतर त्या दोघांनी मिळून गाडीचं मागचं टोक उचललं, पट्ट्याचे रबरी दात एकेक करून तपासले, स्पार्क प्लग काढून उजेडात धरले. बाबा मराठीत बोलत होते, म्हातारबुवा इंग्रजीत. मी भाषांतर करायला पुढे झाले तर दोघांनीही मला हातानेच थांबवलं.

अडलं ते भावाला. म्हाताऱ्याने आकडा सांगितला. बाबा माझ्या कानात म्हणाले, "चल, निघू. तो हाक मारेल."

आम्ही निघालो. म्हाताऱ्याने आम्हाला हात हलवून निरोप दिला, रस्त्यावर बर्फ आहे, सांभाळून जा म्हणाला आणि घरात गेला. आम्ही कारमध्ये बसलो. मी इंजिन सुरू केलं. बाबा आरशात बघत होते.

"हळूहळू घे," ते म्हणाले.

मी इतकी हळू घेतली की फाटकापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली. कोणी हाक मारली नाही.

"बाबा, इकडे असं नसतं. सांगितला तोच भाव."

"असं कसं? त्याला गाडी विकायची नाही काय?"

शेवटी मीच परत गेले आणि सांगितला तो भाव कबूल केला. बाबा गाल फुगवून कारमध्येच बसून राहिले. पण म्हाताऱ्याने न मागता दोन हेल्मेटं आणि नवे प्लग काढून दिले. वर म्हणाला, माझ्या घरामागूनच ट्रेल जाते, या सीझनला गाडी इथेच ठेवा, शनिवारी या, मी वाट दाखवतो. हे ऐकून बाबांचे गाल खाली आले. "पाहिलं? थांबलो म्हणून मिळालं," ते मला म्हणाले.

शनिवारी आम्ही सकाळीच पोचलो. बाबांनी माकडटोपी घातली होती, तिच्यावर हेल्मेट बसेना. ती काढायला ते तयार नव्हते. म्हाताऱ्याच्या बायकोने आतून स्वतःचं जुनं, मोठ्या मापाचं हेल्मेट आणून दिलं, तेव्हा प्रश्न सुटला. निघण्याआधी म्हाताऱ्याने मला ट्रेलचे नियम सांगितले. उजवीकडून चालायचं. समोरून गाड्या आल्या तर हात वर करून, आपल्यामागे आणखी किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवायचं. सगळ्यात शेवटच्याने मूठ दाखवायची. "मी पुढे, म्हणून मी एक बोट दाखवीन. तू शेवटची, तू मूठ," तो म्हणाला. मी मान डोलावली. बाबा तेव्हा पट्ट्याखाली वाकून काहीतरी बघत होते.

बाबा माझ्या मागच्या सीटवर बसले. पाइनच्या झाडांमधून वाट जात होती. ती दाबून गुळगुळीत केलेली होती, तरी वळणावर गाडी माझं ऐकत नव्हती. मी दोन्ही हातांनी हँडल असं धरलं होतं, की समोरून गाड्या आल्या तेव्हा मूठ दाखवायला हात सुटलाच नाही. समोरचे बोटं दाखवत जात होते, मी फक्त मान हलवत होते. पण एक गोष्ट विचित्र होत होती. आमच्या बाजूने गेलेल्या गाड्या थोडं पुढे जाऊन थांबत होत्या. आरशात दिसायचं, सगळे अगदी कडेला उभे आहेत आणि आमच्या मागच्या वाटेकडे बघताहेत. मला वाटलं, इकडची रीत असेल.

अकराच्या सुमारास आम्ही स्नोमोबील क्लबच्या लाकडी झोपडीपाशी पोचलो. आत शेगडी पेटलेली होती, राजमा घातलेलं गरम सूप मिळत होतं. आम्ही बसतोय तोच एक दाढीवाला आत आला आणि आमच्या म्हाताऱ्याला काळजीने म्हणाला, "तुमचे बाकीचे पाच जण कुठे राहिले?"

"कोण पाच?"

"तुमच्या मागच्या गाडीने दाखवलं. आम्ही वळणावर दहा मिनिटं थांबलो. कोणी आलं नाही, म्हणून परत फिरलो."

त्याच्या मागोमाग आत आलेली एक बाई म्हणाली, "आम्हालाही पाचच दाखवले." तिसऱ्याने सांगितलं, की त्याचे दोन मित्र त्या पाच जणांना शोधायला मागे गेलेत. कोणीतरी क्लबला फोन लावत होतं. ओढ्यावरचा पूल निसरडा आहे, तिकडे पाहिलं का, अशी चर्चा सुरू झाली. आमचा म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी बाबांकडे बघितलं. ते सुपात खारी बिस्किटं चुरत होते.

"बाबा, येताना तुम्ही हात वर केला होता का?"

"केला नं. प्रत्येकाला केला." त्यांनी उजवा तळवा उघडून दाखवला, पाचही बोटं सरळ, हार घातलेल्या पाहुण्यासारखा. "ते बिचारे हात दाखवून रामराम करतात आणि तू तशीच जातेस. वाईट दिसते ते. म्हणून मी आपला सगळ्यांना आशीर्वाद दिला."

मी उभी राहिले. वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझे वडील भारतातून आलेत, त्यांना खूण माहीत नव्हती, आमच्यामागे कोणीही नाही आणि कधीच नव्हतं, हे सगळं मी एका दमात सांगितलं. मग दाढीवाल्याने विचारलं, "मग ते काय दाखवत होते?"

"ब्लेसिंग," मी म्हणाले. "ते तुम्हाला ब्लेस करत होते."

आमचा म्हातारा आधी हसला. तो टेबलावर हात आपटून हसायला लागला आणि मग सगळी झोपडीच हसली. शोधायला गेलेल्या दोघांना फोन करून परत बोलावलं. ते भुवयांपर्यंत बर्फाने माखून आले आणि त्यांना सगळं कळल्यावर त्यातल्या एकाने बाबांपुढे येऊन हेल्मेट काढलं आणि मान वाकवली. बाबांनी अगदी गंभीरपणे त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं.

दुपारी म्हाताऱ्याच्या घरामागच्या मोकळ्या शेतात बाबा म्हणाले, "एकदा मला दे." मी उतरले. ते एकटेच सुसाट निघाले, शेताच्या पार टोकाला गेले आणि तिथे इंजिन बंद पडलं. मी गुडघाभर बर्फातून धडपडत पोचले तेव्हा मला धाप लागली होती.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही, मीच बंद केली." ते सीटवर नुसते बसले होते, हेल्मेट मांडीवर, माकडटोपी कानावरून वर सरकवलेली. "ऐक. काहीच आवाज नाही."

खरंच नव्हता. मग बाबांनी टोपी खाली ओढली आणि मला मागे बसायला सांगितलं, कारण परत जाताना गाडी तेच चालवणार होते.